हायग्रोसायबे

हायग्रोसायबे ही हायग्रोफोरेसी कुलातील कवकांची एक प्रजाती आहे. तिच्या छत्राखालील कल्ले बोटांत चुरडले असता मेणासारखे लागतात. त्यावरूनच या अळंब्यांना इंग्रजीत ‘वॅक्सकॅप’ म्हणतात. शास्त्रीय नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘ओले डोके’ असा आहे. एलियास फ्रीस यांनी १८२१ मध्ये सुचविलेल्या या गटास पाउल कुमर यांनी १८७१ मध्ये प्रजातीचा दर्जा दिला.

ओळख

छत्र सहसा लहान, तांबडे, नारिंगी किंवा पिवळे असते. कल्ले जाड व एकमेकांपासून दूर असतात. देठावर कडे नसते. केवळ रंगावरून ओळख पटविणे मात्र धोक्याचे आहे, कारण एन्टोलोमा प्रजातीतील काही जातीही अशाच भडक व टोकदार छत्राच्या असतात. खात्रीसाठी छत्राचा देठ कापून ते कल्ल्यांच्या बाजूने काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावे. हायग्रोसायबेचे बीजुक पांढरे उमटतात, एन्टोलोमाचे गुलाबी. हायग्रोसायबे कोनिका ही जाती हाताळल्यावर व जून झाल्यावर काळी पडते. ही खूण सहसा चुकत नाही. मात्र ती खाऊ नये.

अधिवास

युरोपात ही प्रजाती मुख्यत्वे जुन्या, खत न घातलेल्या कुरणांत आढळते. नत्रयुक्त खते पडली की ती तेथून नाहीशी होते. उष्ण कटिबंधात मात्र ती वनांतही वाढते. केरळमधील जातींचा आढावा लीलावती, मनिमोहन व आर्नोल्ड्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात तीर्थपुरीसारख्या कमी पावसाच्या मराठवाडी भागापेक्षा सह्याद्रीच्या ओल्या, सावलीच्या रानात तिचा शोध घेणे अधिक योग्य.

वनातील ‘वॅक्सकॅप’ म्हणून वर्णिलेल्या अनेक युरोपीय जाती मुळात हायग्रोफोरस या वेगळ्या प्रजातीच्या आहेत. त्यांचे ओक, बीच, पाइन अशा वृक्षांच्या मुळांशी सहजीवन असते. हे वृक्ष महाराष्ट्राच्या सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या वाढत नाहीत. त्यामुळे परदेशी पुस्तकातील चित्राशी येथील अळंबी जुळवून नाव देण्याचा मोह टाळावा.

हायग्रोसायबेचे पोषण नेमके कसे होते, याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नाही. तिच्यातील कार्बन व नत्राच्या समस्थानिकांचे प्रमाण कुजक्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या सामान्य कवकांशी जुळत नाही. म्हणूनच तिची लागवड होत नाही आणि अधिवास मोडला की ती दुसरीकडे हलविणेही कठीण असते.