आबाजींची माती, गॅलरीतले टोमॅटो

पांढुर्ण्याहून निघताना आबाजींनी शेतातली काळी माती पोत्यात भरून दिली. पुण्याच्या गॅलरीत ती तशीच कुंड्यांत भरली, टोमॅटो लावले. महिन्याभरात रोपं पिवळी पडून गेली.

मातीचा दोष नव्हता. पांढुर्णा-सौंसरची काळी माती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात तिला खोली असते, कुंडीत मात्र मुळांना हवाच मिळत नाही. संत्र्याच्या बागेत पाणी साचलं की मुळं सडतात, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं?

आता मी एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घेतो. शेणखत कच्चं नको, मुळं करपतात. तळाला भोकं हवीतच. खाली खडे भरून निचरा वाढत नाही, उगाच जागा जाते. ओलसर मिश्रण मुठीत दाबा. गोळा बोटानं टोचताच फुटला तर जमलं. चिकटून राहिला तर रेती वाढवा.

सांभाराला वीतभर खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला फूटभर तरी हवी.

परवा आबाजींना व्हिडिओ कॉलवर टोमॅटो दाखवले. "माती आपलीच ना रे?"

एक घमेलं आपली, आबाजी.