वेशींच्या आतलं कारंजा

कारंज्यात कुणाच्या घराचा पत्ता विचारला की उत्तर वेशीपासून सुरू होतं. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस या चार वेशींत जुनं गाव बसलेलं आहे. कोट बहुतेक पडला, गाव त्याच्या बाहेर कितीतरी पसरलं, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साठ हजारांच्या वर होती. पण रिक्षावाला, दूधवाला आणि लग्नाची पत्रिका वाटणारा अजून वेशीच्याच हिशेबानं गाव मोजतो. ज्या दिशेला रस्ता जातो तिकडच्या गावाचं नाव वेशीला. त्यातली तीन गावं घटका-दोन घटकांच्या वाटेवरची आणि चौथं एकदम दिल्ली! पोह्याला आणि दिल्लीला एकाच मापात बसवणाऱ्या या गावाचा व्यवहार कुठवर पोचला असेल, ते वेशीच सांगून टाकतात.

वाशीम जिल्ह्याचं हे गाव कागदावर 'कारंजा लाड'. दत्तभक्तांचं ते लाड कारंजा, गुरुचरित्रातलं करंजनगर. जुन्या लोकांच्या बोलण्यात 'बीबीचं कारंजा'ही येतं, कारण हे गाव कुणा बीबीला आंदण मिळालं होतं म्हणे. बाहेरून येणारा प्रत्येक जण यांतलं एकच कारंजा बघून परत जातो. पुण्या-मुंबईहून गाडी करून आलेलं कुटुंब गुरुमंदिरात माथा टेकवतं, प्रसाद घेतं आणि दुपारी निघून जातं. जैन यात्रेकरू आपली मंदिरं करतात. रेल्वेवेड्या माणसाला शकुंतलेचं स्टेशन हवं असतं. या सगळ्यांच्या मधून रोज भाजीची पिशवी घेऊन जाणारा कारंजेकर मात्र ही सगळी गावं एकाच फेरीत ओलांडतो, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

सकाळी सुरुवात गुरुमंदिरापासूनच करावी. दत्ताचा अवतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. माधव आणि अंबा या काळे दांपत्याच्या पोटी आलेला मुलगा मुंज होईपर्यंत ॐ खेरीज काही बोललाच नाही आणि मुंज लागताच वेद म्हणू लागला, ही कथा गुरुचरित्राच्या पारायणामुळे महाराष्ट्रभर माहीत आहे. गुरुचरित्रातलं करंजनगर म्हणजे हेच गाव, ही ओळख पटवण्याचं श्रेय वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामींना देतात. काळ्यांचा वाडा तोवर घुडे घराण्याकडे आलेला होता. पुढे ब्रह्मानंद सरस्वतींनी, म्हणजे लीलादत्तांनी, 1934 मध्ये इथं पादुकांची स्थापना केली आणि आजचं गुरुमंदिर उभं राहिलं. म्हणजे अवताराचा काळ सहाशे वर्षांपूर्वीचा, पण यात्रेचं गाव म्हणून कारंज्याचं वय शंभरीच्याही आतलं. नारळ-फुलांची दुकानं, भक्तनिवास, स्टँडवरून येणारे ऑटो हे सगळं त्यानंतरचं.

कारंजेकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट मात्र जन्माची नाही, परत येण्याची आहे. लहानपणी काशीला निघून गेलेला मुलगा संन्यासी होऊन तीसेक वर्षांनी आईला भेटायला आला, तेव्हा सगळ्या गावानं भिक्षेला बोलावलं. कुणाकडं जावं? तर स्वामी अनेक रूपं घेऊन एकाच वेळी घरोघर गेले. बाहेरगावचा भाविक यात चमत्कार बघतो. गल्लीत राहणाऱ्याला मात्र यातली अडचण आधी कळते: एका घरी जेवून शेजारच्या घरी न जाणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं आहे त्यालाच ही गोष्ट पुरती समजते. लेकरू परगावी गेलेलं घर इथं गल्लीगल्लीत आहे. पुण्याला नोकरी करणारी पोरं दिवाळीला येतात, तेव्हा चहाचे कप मोजता मोजता त्यांचीही तीच गत होते.

गावाचा दुसरा जुना भाग जैन वस्तीचा. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची मंदिरं इथं आहेत, आणि या तिन्ही परंपरांच्या भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपतींच्या, गाद्या एके काळी याच गावात होत्या. एवढ्याशा गावठाणात तीन गाद्या म्हणजे मानपान, पालख्या, पंगती आणि थोडी चढाओढही आलीच. काष्ठासंघाच्या मंदिरात लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखं आहे. घाईत असलात तरी तिथं मान वर करून दोन मिनिटं उभं राहा.

या मंदिरांची खरी दौलत पेट्यांत होती. पिढ्यान्‌पिढ्या बासनात बांधून ठेवलेल्या हस्तलिखितांकडे 1920 च्या दशकात अभ्यासकांचं लक्ष गेलं. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक हिरालाल जैन कारंज्याच्या भांडारांतली पोथी न्‌ पोथी बघू लागले. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची मोठी सूची प्रसिद्ध केली, तीत कारंज्याचे ग्रंथ आले. मराठीच्या आधीची पायरी असलेल्या अपभ्रंश भाषेतलं साहित्य तोवर फारच थोडं उजेडात आलं होतं. इथल्या पोथ्यांमुळे पुष्पदंतासारखा दहाव्या शतकातला थोर कवी जगापुढे आला. त्याचं 'जसहरचरिउ' परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादून 1931 मध्ये कारंज्याच्याच अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेतून काढलं. मागोमाग 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा' आले. 1934 मधल्या 'करकंडचरिउ'त तर धाराशिवच्या लेण्यांची कथा निघाली. ग्रंथमालेला नाव आणि पैसा गावातल्या व्यापारी घराचा, पोथ्या गावातल्या मंदिरांच्या, संपादक बाहेरचे. विद्यापीठाशिवाय एका तालुक्याच्या गावानं केलेलं हे काम आहे. मला विचाराल तर कारंज्याच्या वेशीवर पहिली पाटी याची लागायला हवी होती.

शिक्षणाची हौस पोथ्यांपुरती नव्हती. 1918 मध्ये इथं महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. तो काढणारे ब्रह्मचारी देवचंद पुढे मुनी समंतभद्र झाले आणि कुंभोजजवळच्या बाहुबलीपर्यंत गुरुकुलांची माळ त्यांनी ओवली. मुलींसाठी कंकुबाई श्राविकाश्रम झाला. म्हणून दूरदूरच्या जैन घरांतल्या आजोबांचं बालपण कारंज्यात गेलेलं निघतं.

आता पैशाची गोष्ट. कारंज्याच्या श्रीमंतीची सर्वांत लाडकी कहाणी म्हणजे कस्तुरीची हवेली. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव फिरला. एवढा माल घेणारा कुणी भेटेना. कारंज्याच्या लेकुरशेठनं सगळी कस्तुरी घेतली आणि बांधायला काढलेल्या हवेलीच्या चुन्यात मिसळून टाकली. पैसे तरी कसे द्यायचे? व्यापाऱ्यानं मागितलं की सगळी नाणी एकाच सालाची हवीत. शेठनं विचारलं, कोणत्या सालाची? पाऊस पडला की तिथल्या मातीला कस्तुरीचा वास येई, असं शेपूटही या गोष्टीला जोडतात. वास घेतलेला माणूस मला भेटला नाही, पण गोष्ट न सांगणाराही भेटला नाही.

या दौलतीचा सुगावा मराठ्यांपर्यंत गेला होता. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर त्याच सालच्या अखेरीस शिवाजी महाराजांचं सैन्य मोगलांच्या वऱ्हाडात शिरलं आणि थेट कारंज्यावर आलं. चार हजार बैल आणि गाढवं भरून सोनं, चांदी, कापड नेलं, लूट कोटीच्या घरात होती, अशी नोंद इतिहासकार देतात. गावातले सगळे धनिक धरले गेले. सर्वांत मोठा तेवढा सुटला, तो बायकांचा वेश घालून. मराठ्यांचं सैन्य बाईला हात लावत नाही, हे त्या सावकाराला पक्कं ठाऊक होतं. लुटारूच्या शिस्तीवर एवढा भरवसा ठेवून पळणारा माणूस दुसऱ्या कुठल्या इतिहासात असेल असं वाटत नाही.

नंतरची श्रीमंती कापसाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला अडीच फुटी रुळांची शकुंतला गाडी आली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरकडे धाडायला. मालकी खासगी कंपनीची, किलिक निक्सनची. मँचेस्टरलाच बनलेल्या वाफेच्या इंजिनानं ती 1994 पर्यंत ओढली, मग डिझेल आलं. शकुंतला म्हणजे वेळेचं साधन नव्हतंच. तिच्यातून चालता चालता उतरता यायचं, आणि सासरी निघालेल्या लेकीचं बोचकं घ्यायला गार्ड काही घाई करत नसे, असं म्हातारी माणसं रंगवून सांगतात. आता गाडी बंद आहे, रुळांवर झुडपं आहेत आणि ब्रॉडगेजचं आश्वासन दर निवडणुकीत वेळेवर येतं.

कापसाच्या बरोबरीनं आता सोयाबीन आणि तूर आली. हंगामात बाजार समितीकडचा रस्ता ट्रॅक्टरांनी भरतो आणि गावाचा मूड त्या दिवशीच्या भावावर ठरतो. भाव पडला की सराफाच्या दुकानापासून पोळ्याच्या झुलींपर्यंत सगळ्यांना कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा मागत फिरतात, तेव्हा दार कुठल्या जातीचं आणि धर्माचं हे कुणी पाहत नाही, खाऊ किती मिळतो तेवढं पाहतात. हिवाळ्यात शेतावर रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत ठरला की आमंत्रण एकाला आणि येणारे दहा, हा इथला रिवाज.

जुने वाडे मात्र भराभर चाललेत. वाटण्या झाल्या, लाकूड विकलं गेलं, जागेवर तीन मजली सिमेंट उभं राहिलं. सागवानी खांब कुठल्या तरी शहरातल्या हॉटेलात शोभेला गेले असतील. ओटा गेला की गल्लीचं बोलणंच बदलतं: संध्याकाळी ओट्यावर बसलेली बाई जाणाऱ्याला 'काऊन बाप्पा, कुठं निघाले?' विचारते, बंद गेटाच्या आतून ते विचारता येत नाही.

1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशीम वेगळा झाला, तसा कारंजा तालुका इकडे आला. खटला, शासकीय शिक्का यांसाठी वाशीम. दवाखाना, कॉलेज आणि लग्नाचा बस्ता यांसाठी बऱ्याच जणांना अजून अमरावती-अकोलाच जवळचे. तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून नागपूर दोन-अडीच तासांवर आलं, त्यामुळे गुरुमंदिरातली गुरुवारची गर्दी वाढली आणि मुक्काम कमी झाला. दर्शन घेऊन त्याच दिवशी परत! गावात एक रात्र राहणारा पाहुणा आता दुर्मीळ, आणि दिल्ली वेशीच्या आत शिरणारा त्याहून. ज्याला शिरायचं असेल त्यानं गाडी बाहेर लावावी. आतल्या बोळांत ती वळत नाही, आणि रस्ता विचारला तर सांगणारा माणूस बहुधा सोबतच चालू लागतो.