सही कुणाची?

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. पद मधलंच, केबिन कोपऱ्यातली, पार्टीच्या फोटोत कधीच नाही. पण त्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय बॉसचं पेन हलत नाही!

देश चालवणाऱ्या ऑफिसात हा माणूस कसा असतो, ते मला आसाम कराराची प्रत वाचताना कळलं. १५ ऑगस्ट १९८५. राजीव गांधींनी लाल किल्ल्यावरून कराराची घोषणा केली, टाळ्याही त्यांनाच. पण केंद्रातर्फे सही ना पंतप्रधानांची, ना गृहमंत्री शंकरराव चव्हाणांची. सही केंद्रीय गृहसचिवांची : आर. डी. प्रधान. म्हणजे आपले राम प्रधान.

खरं सांगते, तोवर मी हे नाव ऐकलंही नव्हतं. १९६२च्या चीन युद्धानंतर यशवंतराव दिल्लीत संरक्षणमंत्री झाले, हे शाळेत पाठ केलेलं. त्यांचे खाजगी सचिव प्रधान होते, हे कुठे पाठ केलं? यशवंतरावांची १९६५च्या युद्धाची डायरीही २००७मध्ये लोकांसमोर आणली ती प्रधानांनीच.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो ३० जून १९८६चा दिवस. मिझोरामचं बंड १९६६पासून धुमसत होतं, बंडखोर नेते लालडेंगा दिल्लीत वाटाघाटींना बसलेले. आणि त्याच दिवशी प्रधान रिटायर होणार! त्याच दिवशी मिझो करारावर सह्या झाल्या, केंद्रातर्फे पुन्हा प्रधानांचीच. आपण लास्ट डेला केक कापतो, हा माणूस वीस वर्षांचं बंड मिटवत होता. १९८७मध्ये मिझोराम राज्य झालं आणि तिथली शांतता टिकली.

आसामचं तसं नाही. सहा वर्षांच्या आंदोलनानंतर झालेल्या त्या करारात एक तारीख आहे : २५ मार्च १९७१. त्या दिवसापासून पुढे आलेला तो परका. २०१९च्या नागरिक नोंदणीत १९ लाखांहून जास्त लोक यादीबाहेर राहिले, ते याच तारखेपायी. ती काही एकट्या प्रधानांनी ठरवली नव्हती, मान्य. पण मंत्र्याला निदान पाच वर्षांनी मतं मागायला दारात यावं लागतं. सचिवाला कुणी आणि कुठे विचारायचं?

प्रधान २०२०मध्ये गेले. तोवर वर्ष होत आलं होतं, तरी यादीबाहेरचे लोक आजोबांच्या नावाचे कागद शोधतच होते.