निळे मांस आणि जहरी गाबोळी

उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यालगत, अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या थंड समुद्रात, जेथे केल्प नावाच्या प्रचंड शैवालाची अरण्ये खडकांना धरून उभी असतात, तेथे काबेझॉन नावाचा मासा राहतो. हे नाव स्पॅनिश असून त्याचा अर्थ 'मोठ्या डोक्याचा'. याच्या अंगावर खवले नसतात. कातडीवर तपकिरी, हिरव्या आणि तांबूस रंगांची अशी काही नक्षी उमटलेली असते की, शेवाळलेल्या खडकावर तो निश्चल बसला असता पाणबुड्याची नजर त्याच्यावरून तशीच सरकून जाते आणि नाकाडावरचा कातडीचा इवलासा झुबका हलला तरच खडकाला डोळे आहेत हे ध्यानी येते. हा रंग केवळ भोवतालच्या खडकाची नक्कल, असे पुष्कळांस वाटते. परंतु तांबूस मासा बहुधा नर व हिरवट ती मादी, असाही भेद त्यात आढळतो.

त्याचे हे बसून राहणे आळसाचे लक्षण नव्हे. शरीरात वाताशय नसल्यामुळे तळ हेच त्याचे ठिकाण, आणि तेथे दबा धरून तो खेकडे टिपतो. अबॅलोनी नावाच्या लहान सागरी गोगलगायी तर कवचासकट गिळून कवच मागाहून ओकून टाकतो.

मोठा घोटाळा होतो तो त्यास कापल्यावर. मांस कित्येकदा निळे-हिरवे निघते आणि हलाहलाने नीलकंठ झालेल्या शंकराची कथा ऐकत वाढलेल्या आपणांस तर ते पाहताच विषाची शंका यावी. वस्तुस्थिती अशी की, शिजताना तो रंग नाहीसा होऊन मांस पांढरे होते आणि ते चवीलाही उत्तम असते. धोका आहे तो गाबोळीत. कोकणात तळलेल्या गाबोळीसाठी पंक्तीत चढाओढ लागते, म्हणून हे मी मुद्दाम बजावून सांगतो: काबेझॉनची गाबोळी विषारी आहे, ती खाणाऱ्यास गंभीर आजार होतो. कार्ल हब्ज आणि आर्ने विक यांनी 1951 साली या विषारीपणावर निबंध प्रसिद्ध केला. ओहोटीला उघडी पडलेली ती अंडी किनाऱ्यावर हिंडणारे पशुपक्षीसुद्धा सहसा टाळतात.

अंडी इतकी जहरी, तेव्हा त्यांना राखणदार कशाला, असेही वाटेल. पण मादी खडकावर अंडी चिकटवून गेली की, ती फुटेपर्यंत नर तेथेच पहारा देतो. पाणबुडा हातभर अंतरावर आला तरी जागा सोडत नाही, आणि म्हणूनच भाला घेऊन उतरणाऱ्यास तो फार सहज सापडतो.