रॅम बसली म्हणजे जुळली असं नव्हे

शारजातल्या रोल्ल्यात मराठी घरांमध्ये एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो: "रॅम वाढवली आणि मदरबोर्ड गेला." शेजारच्या दादांनी सुट्टीत पुण्याहून १६ जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या, आधीच्या दोन पट्ट्यांशेजारी बसवल्या, आणि पडदा काळा. दुकानात सांगितलं, बोर्ड बदला. बोर्ड ठणठणीत होता.

स्लॉटमध्ये बसली की चालली, हा मुळातला गैरसमज. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिनाच असतात. फरक खाचेच्या जागेत आणि व्होल्टेजमध्ये. तिथे जोर लावला, तर मात्र बोर्ड खरंच जाईल. पण दादांच्या चारही पट्ट्या डीडीआर५ होत्या. मग बिघडलं कुठे?

रॅमचा कारभार बघणारा मेमरी कंट्रोलर आता बोर्डावर नसतोच. एएमडीने २००३ मध्ये, इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला. त्याला दोनऐवजी चार पट्ट्या सांभाळायला लावल्या की वेग उतरवावा लागतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीनेच जाहीर केलेले आकडे बघा: दोन पट्ट्यांना ५२००, चारांना ३६००. आणि आपण खोक्यावरचा ६००० बघून पैसे मोजतो! तो आकडा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा. तो गाठेलच असं वचन प्रोसेसरवाले देत नाहीत. बोर्डाच्या कंपनीची तपासलेल्या रॅमची यादी असते, ती खरेदीआधी बघा. यादीत नसलेली रॅम चालणारच नाही असं नाही, पण एकाच मॉडेलचे दोन वेगळे संच एकत्र चालतील याचीही हमी नाही. नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असू शकते.

दुसरी चूक घाईची. नवी डीडीआर५ बसवली की पहिल्या वेळी बोर्ड तिची जुळवणी करतो, त्याला काही मिनिटंही लागतात. तोवर पडदा काळाच. दादा दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून बंद करत होते. आम्ही जुनी जोडी काढली, नवी प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावली, विजेची वायर काढून, जुन्या सेटिंग पुसायला बोर्डावरचा सेल थोडा वेळ बाहेर ठेवला, मग चालू करून हात बांधून बसलो. मशीन उठलं. रात्रभर मेमटेस्ट लावला, एकही चूक नाही.

बाकीचे समज थोडक्यात. भारतातली रॅम इथल्या विजेवर जळते? दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच. फक्त प्लग वेगळा, आणि डीडीआर५ चिपपर्यंत पोचतात जेमतेम १.१ व्होल्ट. उकाड्याने रॅम चुका करते? गुगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात तापमानाचा परिणाम किरकोळ निघाला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगतातच? ती २००० नंतरच्या काही वर्षांतल्या सदोष इलेक्ट्रोलाइटची आठवण. आता बहुतेक बोर्डांवर घन पॉलिमरचे असतात.

दुसऱ्या मशीनवर चालणारी, तुमच्या बोर्डाच्याच पिढीची एकच पट्टी एकाही स्लॉटमध्ये उठत नसेल, तर आधी प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना बघा. त्या सरळ असतील, तो प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर चालत असेल, तरच बोर्ड बदलायची गोष्ट काढा.