करार संपतो, कॅसेट उरते

अमेरिकेत सिॲटलच्या रूझवेल्ट वे या रस्त्यावर ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ नावाची दुमजली व्हिडिओ लायब्ररी आहे. जॉर्ज आणि रिबेका लात्सियोस या जोडप्याने ती १९८८ मध्ये सुरू केली. १९९३ पासून ती या जागेत आहे. एक लाख चाळीस हजारांहून अधिक चित्रपट इथे कॅसेट आणि डिस्कच्या रूपात भाड्याने मिळतात. त्यातले कितीतरी आता दुसरीकडे विकत मिळत नाहीत आणि ऑनलाइनही दिसत नाहीत.

बाजारातून एखादा चित्रपट नाहीसा झाला की त्याला गिऱ्हाईक उरलं नसेल असं वाटतं. छोट्या, स्वतंत्र चित्रपटांचं दुखणं मात्र बहुतेकदा कागदपत्रांत असतं. व्हिडिओ कंपनीला हक्क ठरावीक वर्षांसाठीच मिळालेले असतात. मुदत संपते, कंपनी बुडते, तिची मालमत्ता दुसराच कुणी विकत घेतो, आणि काही वर्षांनी हक्क नेमके कुणाकडे आहेत हे खुद्द दिग्दर्शकालाही सांगता येत नाही. नॅन्सी सावोका यांचा ‘हाउसहोल्ड सेंट्स’ १९९३ चा. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं तो पाहायचा तर जुनी प्रत शोधण्यावाचून मार्ग नव्हता. याच अनुभवातून सावोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिसिंग मूव्हीज’ ही संस्था उभी केली. चित्रपटाची डागडुजी केलेली प्रत २०२३ मध्ये पुन्हा पडद्यावर आली.

या तीस वर्षांत जुन्या कॅसेटनेच चित्रपट जिवंत ठेवला. अमेरिकी कायद्याप्रमाणे नवी प्रत काढायला हक्क लागतात, पण रीतसर विकत घेतलेली प्रत भाड्याने द्यायला पुन्हा कुणाची परवानगी लागत नाही. ऑनलाइन सेवेचा करार संपला की चित्रपट रातोरात गायब होतो. फळीवरची कॅसेट कुणी परत मागू शकत नाही. माझ्या मते व्हिडिओ लायब्ररीचं खरं मोल इथे आहे. त्यात एक जुना योगायोगही आहे. कॅसेटच्या जमान्यात नव्या कॅसेटची किंमत अनेकदा ८० ते १०० डॉलर असे, म्हणून ती घरोघरी नव्हे, तर लायब्ऱ्यांमध्येच जाई. लायब्ऱ्या बंद पडल्या तेव्हा या प्रती कवडीमोलाने विकल्या गेल्या. शोधणारे आजही त्यांच्याच मागावर असतात आणि प्रत पारखताना पाहतात: भाड्याच्या दुकानाचा स्टिकर, कंपनीचं नाव, चित्रपटाची लांबी.

आवृत्तीही पाहावीच लागते. चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ हा विद्यापीठातला प्रबंध-चित्रपट १९७७ मध्ये पूर्ण झाला, पण त्यातल्या गाण्यांचे हक्क सोडवेपर्यंत २००७ साल उजाडलं. तेव्हाही शेवटच्या गाण्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्या जागी दुसरं गाणं घालावं लागलं. मूळ गाणं २०२५ च्या नव्या आवृत्तीत परतलं. म्हणजे २००७ च्या आवृत्तीची डीव्हीडी आणि नवी डिस्क वेगवेगळ्या सुरांवर संपतात. अभ्यासकाला दोन्ही लागतात, आणि दोन्ही शेजारी ठेवायला कुणीतरी हवं.

कॅसेटची आणि यंत्राची काळजी वेगळीच. कॅसेटला बुरशी धरते आणि फीत झिजते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जुनी यंत्रं दुरुस्त करूनच काम भागवावं लागतं.

स्केअरक्रोचे जॉर्ज लात्सियोस २००३ मध्ये वारले. त्याआधीच, १९९९ मध्ये, दुकान नव्या मालकांकडे गेलं होतं. धंदा परवडेना तेव्हा २०१४ मध्ये लोकवर्गणी काढून त्याची ना-नफा संस्था झाली आणि संग्रह एकसंध राहिला. २०२४ मध्ये या संस्थेला पुन्हा १८ लाख डॉलरसाठी लोकांपुढे हात पसरावे लागले. ती आता टपालानेही देशभर डिस्क पाठवते. काही दुर्मीळ प्रतींसाठी मोठी अनामत ठेवावी लागते आणि ते रास्तच आहे, कारण अशी प्रत हरवली तर हातात पैसे असूनही दुसरी मिळेलच असं नाही.