पहिल्या दहा मिलिसेकंदांचा राखणदार

जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ साली जमिनीखालची एक केबल सुरू झाली. लांबी सुमारे एक किलोमीटर, दाब फक्त १० किलोव्होल्ट, क्षमता मात्र ४० मेगाव्होल्ट-अँपिअर. एवढी वीज शहराच्या मध्यभागी न्यायची, तर एरवी ११० किलोव्होल्टची केबल आणि तिच्या टोकाला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. इथे केबल अतिवाहक, म्हणजे थंड ठेवल्यावर जवळपास रोध नसलेली होती, म्हणून गर्दीच्या वस्तीतली ती जागा वाचली. आरडब्ल्यूई, नेक्सान्स आणि कार्ल्सरूहे तंत्रज्ञान संस्थेच्या या 'अँपासिटी' प्रकल्पात केबलचं कौतुक भरपूर झालं. मला मात्र तिच्याशी एकसर जोडलेलं यंत्र जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणजे फॉल्ट करंट लिमिटर.

शॉर्ट सर्किटसारखा बिघाड, म्हणजेच फॉल्ट, झाला की प्रवाह नेहमीच्या कित्येक पट उसळतो. तारांवरचं चुंबकीय बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे प्रवाह दहापट झाला की बल शंभरपट. त्या झटक्याने बसबार वाकतात, ट्रान्सफॉर्मरची वेटोळी जागची हलतात. सर्किट ब्रेकर हा प्रवाह तोडतो खरा, पण रिलेने ओळखून ब्रेकर उघडेपर्यंत आवर्तनाची काही चक्रं निघून जातात. सर्वांत उंच उसळी तर पहिल्याच अर्ध्या चक्रात, म्हणजे ५० हर्ट्झवर १० मिलिसेकंदांत, येऊन गेलेली असते. तोवर ब्रेकर हललेलाही नसतो.

लिमिटर हे अर्धं चक्रच सांभाळतो. उणे १९६ अंशांच्या आसपासच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेल्या त्याच्या अतिवाहकाला रोजच्या प्रवाहात जवळपास काहीच रोध नसतो. तो लाइनमध्ये आहे हे वीजजाळ्याला जाणवतही नाही. प्रवाहाने ठरावीक मर्यादा ओलांडली, की अतिवाहकता मोडते आणि काही मिलिसेकंदांत रोध उभा राहतो. त्याला ना सेन्सर लागतो, ना कुणाचा आदेश. फॉल्ट ओळखणं आणि अडवणं, दोन्ही कामं तो पदार्थच करतो. फ्यूज एकदा वितळला की बदलावा लागतो. हा मात्र ब्रेकरने लाइन तोडल्यावर थंड होऊन पुन्हा पहिल्यासारखा तयार होतो.

पाऱ्यातली अतिवाहकता कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये लायडेनला दिसली होती. पण तिच्यासाठी महागडं द्रव हेलियम लागायचं. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांनी सिरॅमिक अतिवाहकांची वाट दाखवली, आणि वर्षभरात नायट्रोजनच्या तापमानालाही अतिवाहक राहणारा पदार्थ हाती आला. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोन्च जलविद्युत केंद्रात एबीबीचा लिमिटर लागला, तर २००४ मध्ये जर्मनीतच नेटफेन इथे १० किलोव्होल्टचा.

तरीही तो सगळीकडे पोहोचलेला नाही. फॉल्ट वर्षात एकदाच येवो, गारवा चोवीस तास टिकवावाच लागतो, आणि त्याचा खर्च थांबत नाही. म्हणून साध्या फीडरवर तो परवडत नाही. पण जिथे नवी वीजनिर्मिती जोडली जाऊन फॉल्टचा प्रवाह वाढत चालला आहे आणि जुन्या सबस्टेशनचे सगळे ब्रेकर बदलायला पैसा आणि जागा दोन्ही नाहीत, तिथे त्याचा हिशेब एका ब्रेकरच्या किमतीशी नव्हे, तर आख्खं सबस्टेशन नव्याने उभारण्याच्या खर्चाशी मांडायला हवा.